वर जायला दहा तेत्री

उद्घाटनाला बँड आला होता, ब्याऐंशी साली.
म्त्क्वारीच्या काठावरचं आमचं पोलादाचं गाव,
त्यातली सगळ्यात उंच राहती इमारत.
बावीस मजले.
पल्याडच्या रसायनवाल्यांच्या वसाहतीहून एकाने जास्त.
त्या एकासाठी आमच्या कारखान्याला लाल निशाण मिळालं,
संचालकांना मोटार,
आणि माझ्या बाबांना, वाझा लिफ्टवाल्यांना,
मनगटी घड्याळ; ते पाच मिनिटं पुढे पळायचं.

रात्री घड्याळ काढून ठेवत बाबा म्हणत,
एकवीसच आहेत, नानुली.
मुकादम गिझोला ऑक्टोबरची तारीख गाठायची होती,
सिमेंट मालगाडीतच कुठे तरी जिरलं,
त्याने सातव्यानंतर सरळ नवव्याची पाटी ठोकली.
मी हसायचे. बाबा रात्री पितात हे मला माहीत होतं.

लिफ्टमध्ये आठचं बटण मात्र होतं.
दाबलं की पिवळा दिवा लागे
आणि लिफ्ट जागची हलत नसे.
बिघडलंय, वाझाला सांगा, लोक म्हणत.
बघतो, वाझा म्हणत.
आठव्यावर कोण राहतं हे कुणी विचारलं नाही,
जो तो समजे, दुसऱ्याच्या ओळखीचं असेल.
तिसाव्या घराच्या नावावर दरमहा साखर मात्र उचलली जाई.

मग देश गेला.
त्याच्या मागोमाग पगार, गरम पाणी,
आणि एका मंगळवारी, सव्वासातला, वीज.
लिफ्ट बाराव्या-तेराव्याच्या मध्ये अडकली
ती चार हिवाळे तिथेच.
खिडकीखिडकीतून पत्र्याची धुराडी निघाली,
इमारत आडव्या चिलमी ओढत बसल्यासारखी.
वरच्या मजल्यावरून त्सिआला बाई दोरीला बादली सोडत,
मी खालून तीन पाव घाले,
वर दोन पोचत.
पंधराव्यावर लहान मूल होतं. बाई दोनच मोजत.

फेब्रुवारीत त्या गेल्या.
जन्मभर भूगोल शिकवलेली बाई,
आणि जिन्याच्या वळणावर शवपेटी फिरेना.
सहा जणांनी पेटी उभी केली.
पुढे मेणबत्ती धरून मी.
पायाखाली काही दिसत नव्हतं,
भीती वाटू नये म्हणून मोठ्याने मजले मोजत गेले.
एकोणीस. वीस. एकवीस,
आणि समोर दारातला बर्फ.

मी मागे वळून पाहिलं.
सहाही जणांनी ऐकलं होतं.
ओतिया वेल्डरने नुसती पेटीची बाजू बदलून घेतली.
कुणी बोललं नाही.
भट्ट्या विझल्या होत्या, पोरं रशियाला गेली होती,
आमच्याकडे एक उंचीच तेवढी शिल्लक होती,
तीही भरसकाळी, बाईंच्या देखत,
कशी काय कमी करायची?

आता लिफ्टमध्ये नाण्यांची पेटी आहे.
वर जायला दहा तेत्री, उतरणं फुकट.
किल्ली माझ्याकडे.
रविवारी उघडते: तुर्की नाणी, कोटाचं बटण,
कारखान्यातले वॉशर, अगदी बेताच्या आकाराचे.
ओतिया अजून जिवंत आहे, हे मला त्यावरून कळतं.

बाबांच्या चाळिसाव्याला पल्याडचा लिफ्टवाला आला,
गुर्गेन, हात थरथरणारा.
तिसऱ्या पेल्यानंतर माझ्या कानाशी वाकून म्हणाला,
वाझा मला तुमच्या आठव्याचं सांगून गेला.
आमचा तेरावा नाही.

मी हिशोब केला. वीस.
म्हणजे आम्ही जिंकलोच होतो की,
एका मजल्याने, अगदी खरोखर.
सांगावंसं वाटलं, पण कुणाला?
बाहेर नदीकाठी काचेची नवी इमारत
पस्तिसाव्यावर पोचली होती,
क्रेनचा लाल दिवा लुकलुकत होता.
गुर्गेन म्हणाला, तिचेही मोजून बघायला हवेत.
मी त्याचा पेला भरला.
त्याला परत जाताना उतरायचं होतं, तेवढं फुकटच होतं.